विजेच्या शेगडीची कॉइल घरीच कशी बदलायची? आणि कॉइलच्या आधी काय तपासायचं?

आपण इथे बहुतेक वेळा मोबाइल, ॲप आणि लॅपटॉपबद्दल बोलतो. आजचा विषय मात्र स्वयंपाकघरातला आहे: विजेची शेगडी. पातेल्याखाली लालभडक तापणारी, उघड्या कॉइलची. आमच्या कळंबला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, तिला सरळ 'हिटर' म्हणतात. तिची कॉइल तुटते, वायर जळते, पिन काळी पडते. हे भाग स्वस्त असतात, गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात आणि साध्या हत्यारांनी बदलता येतात.

पण हे लिहायला घेण्याचं कारण वेगळं आहे. मागच्या दिवाळीत मी पुण्याहून घरी गेले, तेव्हा आईचा हिटर बंद पडलेला होता. गॅस आहे, पण सिलिंडर पुरावा म्हणून दूध आणि पाणी ती हिटरवरच तापवते. मी इंजिनिअर (सॉफ्टवेअरची का होईना), म्हणून काम माझ्याकडे आलं. एक व्हिडिओ पाहिला, कॉइल आणली, अर्ध्या तासात बसवली. हिटर लाल झाला. मी फोटो काढून स्टेटसला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आई पायात रबरी चप्पल घालून दूध तापवत होती.

"आई, घरात चप्पल काहून?"

"अवं, थोडा करंट मारते तो. चप्पल घातली की नाही लागत."

"कधीपासून?"

"झालं असंल वर्षभर."

म्हणजे जो भाग बंद पडला होता तो मी बदलला, आणि जो भाग जीव घेऊ शकत होता त्याला हातच लावला नाही. व्हिडिओतही त्याबद्दल एक शब्द नव्हता. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे, ज्या क्रमाने मी ते काम करायला हवं होतं.

## शेगडीच्या आत काय काय असतं?

आत फार काही नाही. सहा-सात भाग आहेत:

- कॉइल: नायक्रोमची तार. नायक्रोम म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाला १९०६ साली या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. इस्त्री, टोस्टर, हेअर ड्रायर या सगळ्यांत याच घराण्यातली तार असते.
- प्लेट: जिच्या खाचांत कॉइल बसते ती चिनी मातीची गोल प्लेट. ती उष्णता सोसते आणि वीज पुढे जाऊ देत नाही.
- कनेक्टर: कॉइलची टोकं आणि बाहेरून येणारी वायर जिथे जोडतात ती जागा. चिनी मातीचा कनेक्टर असतो किंवा नट-बोल्ट आणि चिनी मातीचे मणी असतात.
- वायर: तीन तारांची. तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग. जुन्या वायरमध्ये लाल, काळी आणि हिरवी असते.
- थ्री पिन टॉप: भिंतीतल्या सॉकेटमध्ये जातो तो.
- स्विच आणि दिवा: काही शेगड्यांना असतात, काहींना नसतात.
- बॉडी: पत्र्याचा डबा. याला कधीच करंट यायला नको. आला, तर तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवा, तुमच्या हातातून नाही.

## कॉइल झिजते का आणि कशी?

नायक्रोम तापला की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. हाच थर आतल्या धातूला हवेपासून वाचवतो. पण शेगडी रोज तापते आणि थंड होते, त्यामुळे तार प्रसरण पावते, आकुंचन पावते आणि थराला तडे जातात. त्यात दूध उतू गेलं, मिठाचं पाणी सांडलं, डाळीचा फेस आला की थर त्या ठिकाणी आणखी लवकर खराब होतो. तार तिथे बारीक होते, बारीक जागा जास्त तापते आणि शेवटी तुटते. वापरलेली तार ठिसूळही होते, म्हणून जुनी कॉइल साफ करायला बाहेर काढली की बऱ्याचदा हातातच तुटते.

## तुटलेली कॉइल पिळून जोडली तर?

हा आपल्याकडचा सर्वात लाडका जुगाड. तुटलेली दोन टोकं एकमेकांत अडकवायची, पक्कडने दाबायची आणि चालू करायची. यात दोन गोष्टी बिघडतात.

पहिली: जोड सैल राहतो. सैल जोडात रोध वाढतो, तो उरलेल्या कॉइलपेक्षा जास्त तापतो आणि तिथेच पुन्हा तुटतो.

दुसरी: दर वेळी थोडी तार कमी होते. समजा १००० वॅटच्या कॉइलचा दहावा भाग गेला. रोध ५३ ओहमवरून साधारण ४८ ओहमवर आला. शेगडी आता जवळपास ११०० वॅट ओढते. पण ही जास्तीची उष्णता कमी लांबीच्या तारेवर पडते, म्हणजे तारेच्या प्रत्येक सेंटीमीटरवरचा भार सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. तीनदा जोडलेली कॉइल 'आधीपेक्षा छान तापते' ती याचमुळे, आणि लवकर जाते तीही याचमुळे. वायर आणि पिन मात्र जुन्या हिशोबाच्याच असतात.

थोडक्यात, कॉइल जोडू नका, बदला. शेगडीच्या भागांमध्ये तिच्याइतका स्वस्त भाग दुसरा क्वचितच असेल.

## काम सुरू करण्याआधी

हत्यारं: स्क्रू ड्रायव्हर (आमच्याकडचा पेचकस), पक्कड, वायर कटर, साधा डिजिटल मल्टिमीटर, लाइन टेस्टर, जुना टूथब्रश, दोरा आणि तुमचा मोबाइल.

मोबाइल इथे खरंच कामाचा आहे. शेगडीच्या तळाला व्होल्ट आणि वॅट लिहिलेली पट्टी असते. ती बहुधा तेलकट आणि पुसट झालेली असते, तिचा टॉर्च लावून फोटो काढा आणि झूम करून वाचा. झाकण उघडल्यावर कुठलाही स्क्रू सोडायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. कोणती तार कुठे होती हे लक्षात ठेवायची गरज उरत नाही.

आता नियम. हे वाचून पुढे सरकू नका:

1. पिन सॉकेटमधून बाहेर काढा. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण बंद असतानाही कॉइलमध्ये करंट असू शकतो.
2. पिन स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे घरातलं कुणी "बंद का आहे?" म्हणून लावणार नाही.
3. शेगडी किमान अर्धा तास थंड होऊ द्या. प्लेट दिसते त्यापेक्षा जास्त वेळ गरम राहते.
4. हात, टेबल आणि फरशी कोरडी हवी.
5. जुन्या शेगडीत प्लेटखाली पांढरट-करड्या रंगाचा भुसभुशीत थर दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो घासू नका, फोडू नका, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. अशी शेगडी मोडीत काढलेली बरी.

## आधी मीटर, मग पेचकस

मल्टिमीटर ओहमवर ठेवा. झाकण न उघडता, थ्री पिन टॉपवरूनच तीन चाचण्या होतात. शेगडीला स्वतःचा स्विच असेल तर तो चालू स्थितीत ठेवा.

चाचणी १: कॉइल शाबूत आहे का? दोन बारीक पिनांवर मीटरच्या दोन काड्या लावा. २३० व्होल्टच्या हिशोबाने आकडा असा यायला हवा:

- ५०० वॅट: सुमारे १०६ ओहम (२.२ अँपिअर)
- १००० वॅट: सुमारे ५३ ओहम (४.३ अँपिअर)
- १५०० वॅट: सुमारे ३५ ओहम (६.५ अँपिअर)
- २००० वॅट: सुमारे २६ ओहम (८.७ अँपिअर)

थोडं इकडेतिकडे चालतं. काहीच आकडा आला नाही तर कॉइल, वायर, स्विच किंवा कनेक्टर यांपैकी काहीतरी तुटलंय. आकडा बराच कमी आला तर कॉइल आधी कुणीतरी 'जोडलेली' आहे.

सूत्र सोपं आहे: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. त्यातूनच आणखी एक गोष्ट कळते. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं की १००० वॅटची शेगडी साधारण ७५० वॅटच उष्णता देते. म्हणजे 'हिटर मंद झाला' यात दर वेळी हिटरचा दोष नसतो. कॉइल बदलण्याआधी व्होल्टेज मोजा.

चाचणी २: अर्थिंग जोडलेलं आहे का? एक काडी वरच्या जाड पिनवर आणि दुसरी बॉडीवर, जिथे रंग खरवडलेला आहे तिथे. आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे १ ओहमच्या आत यायला हवा. आईच्या हिटरवर इथे काहीच आकडा आला नाही.

चाचणी ३: करंट बॉडीला लागतोय का? एक काडी बॉडीवर, दुसरी आळीपाळीने दोन्ही बारीक पिनांवर. इथे काहीच आकडा यायला नको. आला तर कुठेतरी तार, काजळी किंवा ओल बॉडीला टेकलीय. लक्षात ठेवा, साधा मल्टिमीटर ही चाचणी अगदी कमी व्होल्टवर करतो. तो 'ठीक' म्हणाला तरी तापल्यावर करंट गळू शकतो. पक्की खात्री मेगर नावाच्या यंत्राने होते, ते वायरमनकडे मिळेल.

## आईच्या हिटरमध्ये काय निघालं?

थ्री पिन टॉप उघडला. आत दोनच तारा जोडलेल्या होत्या. हिरवी तार बाहेरच्या वेष्टणाच्या कडेशीच कापून टाकलेली. पूर्वी कधीतरी पिन बदलताना कुणीतरी 'ही काय कामाची' म्हणून छाटली असणार. हिटर तिच्याशिवाय तापतो ना, मग झालं.

मग तळाचं झाकण उघडलं. उतू गेलेलं दूध कनेक्टरपर्यंत झिरपून जळलं होतं आणि काळा थर झाला होता. जळलेल्या दुधाचा थर म्हणजे बराचसा कार्बन, आणि कार्बनमधून वीज जाते. फेजचा बोल्ट आणि पत्र्याची बॉडी यांच्यामध्ये त्या थराचा पूल तयार झाला होता. मी कॉइल बदलली, पण तो पूल तसाच होता.

हिरवी तार जोडलेली असती तर? तो करंट अर्थिंगमधून गेला असता. घरात आरसीसीबी असती तर तिने वीज बंद केली असती आणि वर्षभरापूर्वीच कळलं असतं की काहीतरी बिघडलंय. तार नव्हती, म्हणून तो करंट आईच्या बोटांवर येऊन थांबला होता, आणि मध्ये फक्त एक रबरी चप्पल होती. एक दिवस फरशी ओली असती, चप्पल फाटलेली असती, तर हा लेख लिहायची वेळच वेगळी आली असती.

## कॉइल बदलायची पद्धत

१. योग्य कॉइल आणा. शेगडीच्या पट्टीवर जितके वॅट तितक्याचीच. 'जास्त तापावी' म्हणून १००० वॅटच्या शेगडीत २००० वॅटची कॉइल टाकली तर वायर, कनेक्टर आणि पिनमधून दुप्पट करंट जाईल. दुकानात जाताना जुनी कॉइल सोबत न्या. शक्य असेल तर मीटरही न्या आणि तिथेच ओहम मोजा. वेष्टनावर एक आणि आत दुसरंच असं होतं कधीकधी.

२. जुनी कॉइल काढा. तळाचे नट सैल करा, टोकं सोडवा. प्लेटच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ करा. पाण्याने धुऊ नका, चिनी माती तडकलेली असेल तर पाणी आत शोषलं जातं. प्लेटला आरपार तडा गेला असेल किंवा खाचेची भिंत तुटून कॉइल वर येत असेल तर प्लेटही बदला.

३. कॉइल ताणा. नवी कॉइल घट्ट स्प्रिंगसारखी येते. खाचेत दोरा फिरवून लांबी मोजा. मग दोन्ही टोकं धरून कॉइल हळूहळू, सारखी ताणा आणि दोऱ्यापेक्षा किंचित आखूड असतानाच थांबा. एकदा ताणलेला नायक्रोम परत जवळ येत नाही. वेटोळी एकमेकांना चिकटलेली नकोत. जिथे ती दाटीने बसतात तिथे तार जास्त तापते आणि आधी तिथेच जाते.

४. खाचेत बसवा. मध्यापासून बाहेर किंवा बाहेरून मध्याकडे, जशी तुमची प्लेट असेल तशी. कॉइल खाचेच्या काठाच्या खालीच राहायला हवी. वर आलेली कॉइल थेट पातेल्याला टेकते.

५. टोकं दुहेरी करा. कॉइलचं टोक सरळ करून दुमडा आणि पिळा. दुहेरी तारेत रोध कमी, म्हणून टोकं कमी तापतात आणि कनेक्टर वाचतो.

६. कनेक्टर घट्ट करा. टोक दोन वॉशरच्या मध्ये घेऊन नट घट्ट आवळा. गंजलेले, काळे पडलेले नट आणि वॉशर परत वापरू नका. सोल्डर तर अजिबात नको. नेहमीचं सोल्डर साधारण १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, इथलं तापमान त्याच्या पुढे सहज जातं. काळी चिकटपट्टीसुद्धा आत चालत नाही, ती वितळते. उष्णतेच्या जागी चिनी मातीचे मणी किंवा अभ्रकच वापरा.

७. काजळी काढा. कनेक्टरभोवतीचा जळका थर कोरड्या ब्रशने पूर्ण काढा. निघत नसेल तर कनेक्टरच बदला. माझ्याकडून पहिल्या वेळी सुटलेली पायरी हीच.

## वायर आणि पिन बदलायची पद्धत

वायर तडकली, कडक झाली किंवा शेगडीजवळ वितळली असेल तर ती मध्ये जोड देऊन वाढवू नका. पूर्ण बदला.

- तीन तारांची, तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची वायर २००० वॅटपर्यंत चालते. शेगडीजवळच्या भागाला उष्णता सोसणारं वेष्टण हवं. दुकानात 'हिटरची वायर' किंवा 'इस्त्रीची वायर' मागा, पण तीन तारांचीच मागा.
- वायर जिथे पत्र्यातून आत शिरते तिथे रबराची किंवा चिनी मातीची बुशी हवी, नाहीतर पत्र्याची धार वेष्टण कापते.
- हिरवी-पिवळी तार बॉडीच्या बोल्टला लावा. बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, मग दातेरी वॉशर घालून आवळा.
- थ्री पिन टॉपमध्ये हिरवी तार वरच्या जाड पिनला, तपकिरी 'एल'ला, निळी 'एन'ला. हिरवी तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. वायरला हिसका बसला तर ती सर्वात शेवटी सुटली पाहिजे.
- पिनमधली वायर दाबून धरणारी पट्टी आवळायला विसरू नका.
- ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॅट आहे. १५०० आणि २००० वॅटच्या शेगडीला १६ अँपिअरची मोठी पिन आणि मोठं सॉकेटच हवं. एक्स्टेंशन बोर्डवर शेगडी नको.

## चालू करताना

झाकण लावण्याआधी तिन्ही चाचण्या पुन्हा करा. आकडे बरोबर आले तरच पुढे जा. झाकण लावा, शेगडी मोकळ्या, कोरड्या जागी ठेवा, वर भांडं ठेवू नका आणि चालू करा.

सुरुवातीला थोडा धूर आणि वास येतो, कॉइलवरचं तेल जळत असतं. काही मिनिटांत सगळी कॉइल सारख्या लाल रंगाची दिसायला हवी. एखादा ठिपका जास्त पिवळा-पांढरा दिसला तर बंद करा, पिन काढा, थंड झाल्यावर तिथली दाटलेली वेटोळी हलक्या हाताने सारखी करा.

आता टेस्टरचं टोक बॉडीला लावा. दिवा पेटला तर लगेच सॉकेटचं बटण बंद करा आणि पिन काढा. पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. म्हणूनच आधीच्या मीटरच्या चाचण्या.

दहा मिनिटांनी बंद करा, पिन काढा, थंड होऊ द्या, झाकण उघडा आणि कनेक्टरचे नट पुन्हा आवळा. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर ते थोडे सैल होतात. ही पायरी जवळपास कुणीच करत नाही, आणि सैल नटामुळेच पुढची कॉइल लवकर जाते.

## शेगडी नीट झाली, घराचं अर्थिंग?

हिरवी तार सॉकेटपर्यंत जोडली, पण सॉकेटच्या मागे अर्थिंगच नसेल तर काय उपयोग? आमच्या भागात काळी, कापसाची जमीन. पावसाळ्यात ओली, उन्हाळ्यात भेगाळलेली. जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. आमच्या घरी तो खड्डा कुठे आहे हे शोधायलाच अर्धा तास गेला. वर तुळशीची कुंडी ठेवलेली होती.

तुम्ही स्वतः एवढं करू शकता: तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर आणा आणि सॉकेटमध्ये लावा. अर्थिंग नसेल किंवा फेज-न्यूट्रल उलटे असतील तर तो दाखवतो. अर्थिंग किती चांगलं आहे ते मात्र तो सांगत नाही. पुढचं काम, म्हणजे सॉकेटच्या मागचं वायरिंग, अर्थिंग मोजणं, आरसीसीबी बसवणं, हे परवानाधारक वायरमनचं आहे. तिथे व्हिडिओ बघून हात घालू नका.

एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरकही समजून घ्या. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या दृष्टीने नगण्य असतो, ती पडणारच नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट यांची तुलना करते. फरक पडला की वीज तोडते. माणसाला वाचवायला तीच लागते.

## हॉट प्लेट आणि इंडक्शनचं काय?

बंद हॉट प्लेट किंवा नळीची कॉइल: यात नायक्रोमची तार धातूच्या आवरणात मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पुडीत दाबलेली असते. आतली तार गेली तर पूर्ण भाग बदलायचा. जोडणी वरच्यासारखीच. बरेच महिने न वापरल्यास ती पुडी हवेतली ओल शोषते आणि आरसीसीबी पडू शकते. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी अशाच कॉइलचे मोठे स्टोव्ह असतात. तिथे कॉइल सॉकेटमधून ओढून काढता येते, पण २४० व्होल्टचा ब्रेकर आधी बंद करायचा. सॉकेट काळं पडलं असेल तर तेही बदलायचं, नाहीतर नवी कॉइलही जळते.

इंडक्शन: यात तुम्ही जास्तीत जास्त खालच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा, वायर-पिन तपासा, एवढंच. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि पिन काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. फ्यूज उडाला तर बहुधा त्यामागचा दुसरा भाग गेलेला असतो. जाड तार टाकून फ्यूज 'नीट' करणं म्हणजे आगीला बोलावणं. काचेला तडा गेला की वापर त्याच दिवशी बंद, कारण तड्यातून पाणी आत जातं.

वॉरंटीत असेल तर काहीच उघडू नका. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग याबद्दल तिथे शोधा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

## नेहमी पडणारे प्रश्न

हिटर तापतो, पण भांड्याला हात लावला की मुंग्या येतात. चालेल का?
नाही. मुंग्या म्हणजे करंट. वापर आत्ताच थांबवा आणि वरच्या तीन चाचण्या करा.

उघड्या कॉइलची शेगडी नीट दुरुस्त केली की पूर्ण सुरक्षित का?
नाही. चालू असताना कॉइल उघडी आणि जिवंतच असते. भांडं ठेवताना-उचलताना आणि ढवळताना बटण बंद करा. नवीन घेत असाल तर बंद हॉट प्लेट किंवा इंडक्शनच घ्या. शेगडीच घ्यायची असेल तर आयएसआयचं चिन्ह पाहा. विजेच्या शेगड्यांचं भारतीय मानक आयएस २९९४ आहे.

कुणाला शॉक बसला तर?
आधी मेन स्विच बंद करा. ते होत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला दूर करा, हाताने ओढू नका. मग लगेच १०८ ला फोन.

दुरुस्ती कधी करू नये?
बॉडी गंजून भोकं पडलीत, अर्थिंगचा बोल्टच नाही, प्लेट दोनतीन ठिकाणी फुटलीय, आत ॲस्बेस्टॉस आहे, अशी शेगडी भंगारात द्या. देण्याआधी वायर कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी ती लावणार नाही.

## जाता जाता

आईच्या हिटरला आता नवी वायर, नवा कनेक्टर आणि तीन तारांची पिन आहे. महिन्याभरात वायरमनकडून आरसीसीबीही बसवली. टेस्टर बॉडीला लावला तर पेटत नाही. आई अजूनही चप्पल घालूनच दूध तापवते. मी काही म्हणत नाही, चांगली सवय आहे.

मी परत निघाले तेव्हा शेजारच्या काकूंचा हिटर आणि मावशीची इस्त्री माझ्यासाठी येऊन पडली होती. दोन्हींच्या पिन उघडल्या. इस्त्रीत तीन तारा होत्या. काकूंच्या हिटरमध्ये दोन.

आज घरी गेलात की एवढंच करा: शेगडीची, इस्त्रीची, गिझरची पिन सॉकेटमधून काढा, उघडा आणि आतल्या तारा मोजा. तीन हव्यात.